यंत्राभोवतीचे कुंपण

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कारखान्यात अपघात झाला की वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते, आणि त्या दोन ओळींत एक शब्द बहुधा ठरलेला असतो : निष्काळजीपणा. तो कोणाचा हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण तो कामगाराचाच असणार हे गृहीत धरलेले असते. चालू यंत्रात हात घातला कोणी? कामगाराने. गार्ड काढून ठेवला कोणी? कामगाराने. मग दोष त्याचाच, असा सरळ हिशेब मांडला जातो. आजच्या विवेचनाचा विषय हाच हिशेब आहे. कामाच्या ठिकाणच्या यंत्रसामग्रीच्या सुरक्षेविषयी कायदा काय सांगतो, तो तसे का सांगतो आणि कारखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्याचे काय होते, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण अपघातानंतर युनियनचा माणूस तेथे पोचतो तेव्हा पुष्कळदा जमीन धुतलेली असते आणि यंत्रावर गार्ड पुन्हा बसविलेला असतो.

मागणीची पार्श्वभूमी

यंत्राला कुंपण घातले पाहिजे ही मागणी यंत्रयुगाच्या पहिल्या काळापासूनची आहे. इंग्लंडमधील कापडगिरण्यांत एका वाफेच्या इंजिनावर सारी गिरणी चाले. इंजिनाची शक्ती छताखालून गेलेल्या लांब लोखंडी शाफ्टवरून आणि त्यावरच्या चामडी पट्ट्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत येई. त्या फिरत्या शाफ्टमध्ये केस, झगा किंवा बाही सापडली की माणूस वर खेचला जाई. १८४४ च्या फॅक्टरी ॲक्टने तेथे प्रथमच यंत्राभोवती कुंपण घालण्याची सक्ती केली. दहा वर्षांनी इन्स्पेक्टरांनी उंचावरच्या शाफ्टनाही ती लागू करण्याचा आग्रह धरला, तेव्हा गिरणीमालकांनी १८५५ साली त्याविरुद्ध आपला राष्ट्रीय संघ स्थापन केला. खर्च परवडणार नाही, धंदा बुडेल आणि अपघात होतात ते कामगारांच्या बेफिकिरीने, हे त्यांचे युक्तिवाद होते. चार्ल्स डिकन्स चालवीत असलेल्या साप्ताहिकाने या संघावर कठोर टीका केली. तरीही १८५६ साली पार्लमेंटने मालकांपुढे नमते घेतले आणि कुंपणाची सक्ती सैल केली. कायदा एकदा झाला म्हणजे तो कायमचा झाला, असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

भारतात पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ साली झाला. त्याच्यामागे मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा सलणाऱ्या लँकेशायरच्या मालकांचा दबावही होता. म्हणून त्या कायद्याला केवळ भूतदयेचे फळ समजण्याचे कारण नाही. शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. यंत्राभोवती कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती, परंतु ज्याचा हात गेला त्याचे पुढे काय, याविषयी तो गप्प होता. तो प्रश्न विचारला कामगारांनीच. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा होण्यासाठी त्यानंतर १९२३ साल उजाडावे लागले.

कायद्याचे तत्त्व

स्वतंत्र भारताचा फॅक्टरी ॲक्ट १९४८ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ लागू झाली व तिने या कायद्याची जागा घेतली. संहितेकडे पुढे यावयाचेच आहे; परंतु यंत्रसुरक्षेची तत्त्वे १९४८ च्या कायद्याने इतक्या स्पष्ट शब्दांत मांडली होती की ती आधी पाहिली पाहिजेत.

त्या कायद्याचे कलम २१ यंत्राच्या कुंपणाविषयी होते. शक्ती निर्माण करणाऱ्या यंत्राचा प्रत्येक फिरता भाग, त्याला जोडलेले फ्लायव्हील, शक्ती वाहून नेणारे शाफ्ट, पट्टे व पुल्या, आणि इतर कोणत्याही यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग मजबूत बनावटीच्या संरक्षकाने सुरक्षित रीतीने वेढलेला असला पाहिजे, असे ते सांगत होते. कारखान्यात ज्याला गार्ड किंवा जाळी म्हणतात तेच हे कुंपण. ते नुसते बसवून भागत नव्हते. भाग फिरत असेपर्यंत ते जागेवर आणि सुस्थितीत राखले पाहिजे, असेही कलमात म्हटले होते. कलम २२ नुसार चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करावयाचे तर ते खास प्रशिक्षण मिळालेल्या, नोंदवहीत नाव असलेल्या आणि घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावयाचे होते, आणि ते कपडे मालकाने पुरवावयाचे होते. कलम २४ प्रमाणे आणीबाणीत शक्ती तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या खोलीत हवी होती. माल आणि माणसे वाहणाऱ्या लिफ्टची दर ६ महिन्यांनी, तर क्रेन, साखळ्या व दोर यांची दर १२ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागे, आणि उचलण्याच्या यंत्रावर सुरक्षित भाराचा आकडा लिहावा लागे.

या सर्व कलमांतील समान सूत्र असे की कर्तव्य यंत्र चालविणाऱ्यावर नसून यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर आहे. कामगार थकेल, त्याचे लक्ष विचलित होईल, सवयीने तो धाडसी बनेल, हे कायद्याने गृहीत धरले आहे. माणूस चुकणारच, म्हणून यंत्र असे असले पाहिजे की त्या चुकीची किंमत बोटाने मोजावी लागू नये. ‘सावध राहा’ ही पाटी कारखान्याच्या प्रत्येक भिंतीवर रंगविली तरी तिने कुंपणाचे काम होत नाही.

हे कर्तव्य किती कडक मानले गेले होते याचे उदाहरण इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासात आहे. आपल्या कलम २१ सारखीच तरतूद तेथील कायद्यात होती. जॉन समर्स या पोलाद कंपनीच्या कारखान्यात सहाणेच्या फिरत्या चाकावर काम करताना एका कामगाराचा अंगठा जखमी झाला. चाकाला काही प्रमाणात आवरण होते. पण धातू घासण्यापुरता भाग उघडा ठेवणे भाग होते. संपूर्ण चाक झाकले तर यंत्र निरुपयोगी होईल, असा मालकांचा बचाव होता. १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. सुरक्षित कुंपण घातल्यावर यंत्र वापरता येत नसेल तर ते वापरू नये. यंत्र चालले पाहिजे म्हणून कायदा वाकणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. व्यवहारात तेथे अशा यंत्रांसाठी पुढे वेगळे नियम करावे लागले, हे खरे. परंतु नफा आणि अवयव यांत निवड करण्याची पाळी आली तर कोणाला अग्रक्रम द्यावयाचा, हे त्या दिवशी निःसंदिग्धपणे सांगितले गेले.

ब्रिटनमध्येच १९९८ साली कामाच्या साधनांविषयी जे नियम झाले त्यांत उपायांचा क्रमही ठरवून दिलेला आहे. आधी पक्का बसविलेला गार्ड; ते शक्य नसेल तर अन्य प्रकारचे गार्ड वा संरक्षक उपकरणे; तेही शक्य नसेल तर वस्तू पकडण्याची वा ढकलण्याची हत्यारे; आणि सर्वांत शेवटी माहिती, सूचना, प्रशिक्षण. आपल्याकडे हा क्रम उलटा झालेला दिसतो. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी शपथ आणि फलक यांपासून सुरुवात होते, आणि गार्डपर्यंत पोचण्याआधीच आठवडा संपतो.

पॉवर प्रेसचे उदाहरण

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्यासाठी पॉवर प्रेससारखे दुसरे यंत्र नाही. पत्रा कापणे, वाकविणे, त्याला भोके पाडणे ही कामे या यंत्रावर होतात. मोटारीचे सुटे भाग, पंख्यांची पाती, कुलपे, स्टीलची भांडी, यांतले कितीतरी प्रेसखालून आलेले असते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, सातपूर या पट्ट्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला या यंत्राचा ठोका ओळखीचा असतो.

जुन्या पद्धतीच्या यांत्रिक प्रेसमध्ये कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो आणि पायाने पेडल दाबतो. पेडल दाबले की क्लचची चावी फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅम खाली येतो. एकदा चावी अडकली की फेरा पूर्ण होऊन रॅम वर जाईपर्यंत तो मधेच थांबविता येत नाही. चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. पहिला ठोका झाला म्हणून तयार नग काढण्यासाठी हात आत गेलेला असतो आणि त्याच क्षणी दुसरा ठोका बसतो. अशा वेळी कामगाराच्या सावधपणाचा काय उपयोग?

यावरचे उपाय तंत्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहेत. पत्रा जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवणारा पक्का गार्ड. बंद झाल्याशिवाय क्लच जोडलाच जाणार नाही असा आंतरबद्ध गार्ड. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची दोन बटणे. नव्या प्रेसना वायुदाबावर चालणारा क्लच असतो आणि त्यांचा रॅम मधेच थांबविता येतो. अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा लावला तर हात आडवा येताच यंत्र थांबते. येथे एक तांत्रिक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. चावीच्या क्लचवर चालणाऱ्या जुन्या प्रेसला हा किरणांचा पडदा लावून दाखविला तर ती निव्वळ शोभा आहे, कारण हात दिसला तरी तो रॅम थांबूच शकत नाही. ‘सेन्सर बसविला आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. क्लच कोणता आहे हे विचारावे.

गुडगाव, मानेसर व फरीदाबाद या भागांत जखमी कामगारांना साहाय्य करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केले. मोटार-उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांत हात चिरडण्याचे अपघात मोठ्या प्रमाणावर होतात, त्यांत पॉवर प्रेसचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि जखमींत परप्रांतांतून आलेले व कंत्राटी कामगार बहुसंख्य आहेत, असे चित्र त्यांतून पुढे आले. अनेकांचे राज्य विमा योजनेचे कार्ड अपघातानंतर तयार झाले होते. म्हणजे बोट तुटेपर्यंत तो माणूस कागदावर कामगारच नव्हता.

बोटाचे अर्थशास्त्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गार्ड काढतो कोण? पुष्कळदा हात कामगाराचाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेले असते, जाळी खुंटीला टांगलेली असते. पण हा हात कोण हलवितो?

उदाहरणादाखल एक हिशेब करू. समजा, गार्डसह एका नगाला ६ सेकंद लागतात. ताशी ६०० नग होतात. गार्ड काढल्यास ४ सेकंद लागतात. ताशी ९०० नग होतात. नगावर मजुरी असेल तर कामगाराला दीडपट कमाईचा मोह होतो. मजुरी दिवसावर असेल तर सुपरवायझर ९०० नगांचा कोटा ठरवून देतो. पहिल्या प्रकारातही वाढीव कमाई टिकत नाही. सर्वजण ९०० नग काढू लागले की दर खाली आणला जातो, आणि पूर्वी ६०० नगांत मिळणारा पगार मिळविण्यासाठीच ९०० काढावे लागतात. त्यानंतर गार्ड परत बसविणे म्हणजे पगारकपात होय. कामगाराची ‘निष्काळजी’ अशी दरपत्रकात तयार होते. यंत्रावरचा गार्ड पान्याने निघतो, पण तो काढण्याचा हुकूम दराच्या तक्त्यात लिहिलेला असतो, आणि त्या तक्त्यावर कोणाची सही नसते.

या दोन सेकंदांचा लाभ कोठे जातो? लहान कारखानदार म्हणतो, ‘मोठी कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते, मला उरते काय?’ त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठी कंपनी स्वतःच्या छपराखाली नमुनेदार सुरक्षा ठेवते आणि धोक्याचे काम बाहेर देते. तिच्या ताळेबंदात अपघात शून्य असतात, कारण बोटे दुसऱ्याच्या शेडमध्ये तुटतात. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची जी मांडणी केली ती येथे तंतोतंत लागू पडते. उत्पादनाचा खरा खर्च उद्योगाच्या हिशेबवहीत येत नाही. तो कामगाराच्या शरीरावर, त्याच्या बायकोच्या जास्तीच्या मोलमजुरीवर, मुलाच्या सुटलेल्या शाळेवर आणि सरकारी दवाखान्यावर टाकला जातो. गार्डचा कायदा म्हणजे हा खर्च त्याच्या मूळ जागी, यंत्राच्या किमतीत, परत नेऊन ठेवण्याचा प्रयत्न आहे.

कायद्याने बोटाची किंमतही ठरवून दिलेली आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती टक्के घटली याची यादी होती : अंगठा ३० टक्के, संपूर्ण तर्जनी १४ टक्के, संपूर्ण मधले बोट १२ टक्के, एका हाताची चार बोटे ५० टक्के. २०२० साली भरपाईसाठी वेतनाची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये करण्यात आली होती. त्या हिशेबाने ३० वर्षांच्या कामगाराची तर्जनी गेली तर वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, त्याला वयाचा गुणक २०७.९८, आणि त्याचे १४ टक्के, अशी सुमारे २ लाख ६२ हजार रुपये भरपाई होई. हीच मर्यादा लागू असेल तर पगार ३०,००० असलेल्यालाही तेवढीच. राज्य विमा योजनेखाली असलेल्याला एकरकमी पैशांऐवजी त्या योजनेतून दरमहा लाभ मिळतो. ही रक्कम कामगाराच्या हक्काची आहे आणि ती एक पैही न सोडता घेतली पाहिजे. परंतु १४ टक्के ही टक्केवारी प्रेसवर वा लेथवर काम मागावयास गेलेल्या माणसाला फाटकावरचा टाइमकीपर कशी लावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. चार बोटांचा हात पाहून तो शंभर टक्के नकार देतो.

त्याच कायद्यात मालकांना एक बचावही होता. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि सुरक्षेसाठी बसविलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला होता असे सिद्ध झाले, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नसे. प्रारंभी उल्लेखिलेल्या ‘निष्काळजीपणा’ या शब्दाचे मोल येथे कळते. पंचनाम्यात तो शब्द घुसला की पुढे तो मालकाच्या वकिलाच्या हातातले हत्यार बनतो. म्हणून गार्ड कोणाच्या हुकमावरून, कधीपासून आणि कोणाच्या डोळ्यांदेखत काढलेला होता, याची लेखी नोंद अपघाताआधीच असणे ही जीवनमरणाची बाब आहे.

यंत्र बनविणारा आणि विकणारा

यंत्र कारखान्यात येते तेच उघडे असेल तर? १९४८ च्या कायद्याच्या कलम २६ नुसार नव्या यंत्राचे फिरते स्क्रू, बोल्ट व दंतचक्रे झाकलेलीच असली पाहिजेत आणि तशी नसलेली यंत्रे विकणे हा गुन्हा होता. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. १९४८ साली ५०० रुपयांना काही किंमत होती. हा आकडा त्या कलमात तसाच राहिला. १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने यंत्रसंरक्षणाचा ११९ क्रमांकाचा करार केला, त्याचाही गाभा हाच की उघडे यंत्र बाजारात येताच कामा नये. भोपाळनंतर १९८७ साली कलम ७ ब घालून रचनाकार, उत्पादक, आयातदार व पुरवठादार यांच्यावर सुरक्षेची जबाबदारी टाकण्यात आली. नव्या संहितेतही अशी तरतूद आहे. पण लिलावात आणि भंगाराच्या बाजारात फिरणाऱ्या चाळीस वर्षांच्या प्रेसला कोण विचारतो?

शेतीत मात्र एक वेगळा प्रयोग झालेला आहे. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रांत हात गेलेल्या मजुरांची संख्या इतकी वाढली की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. शेतमजूर कारखाना-कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून या कायद्याने यंत्र बनविणारा, विकणारा आणि वापरणारा अशा तिघांनाही धरले. पेंढी आत सरकविण्याचे तोंड लांब आणि वरून झाकलेले असले तर मजुराचा हात दात्यांपर्यंत पोचतच नाही, एवढी साधी ती गोष्ट आहे. तत्त्व योग्य होते; अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि गावोगावच्या वर्कशॉपांतून तयार होणाऱ्या यंत्रांपर्यंत ती पुरेशी पोचली नाही.

साधन असणे आणि साधन चालू असणे यांतील अंतर भोपाळने सर्व जगाला दाखविले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला त्याला आवर घालणारी उपकरणे त्या कारखान्यात नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपूर्वी बंद करण्यात आली होती, आणि निसटणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून सोडविलेला होता. खर्च वाचविण्याचे ते निर्णय होते आणि ते कोणा कामगाराने घेतलेले नव्हते.

संहिता आणि तपासणी

आता नव्या संहितेकडे पाहू. तिच्यात चांगले काहीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नेमणुकीचे पत्र सक्तीचे झाले आहे. कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि दंडाची किमान निम्मी रक्कम पीडिताला वा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. गंभीर इजा होण्याचा धोका दिसल्यास तो कळविण्याचा हक्क कामगाराला दिलेला आहे.

परंतु तिची दिशा पाहिली पाहिजे. १८८१ साली कारखाना म्हणजे १०० माणसे. १८९१ साली ती मर्यादा ५० वर आली, १९२२ साली २० वर, आणि १९४८ साली शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० वर. परकीय सरकारच्या काळातही संरक्षणाचे छत्र हळूहळू का होईना, विस्तारतच गेले. संहितेने ही मर्यादा पुन्हा २० वर नेली आणि शक्तीशिवाय चालणाऱ्यांसाठी २० वरून ४० वर. मालकांची सर्वसाधारण कर्तव्ये १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहेत. परंतु खास कारखान्यांसाठीच्या तरतुदींतून १० ते १९ कामगारांच्या शेड निसटतात, आणि पॉवर प्रेस तर तेथेच दाटीवाटीने बसलेले आहेत. शिवाय यंत्राच्या कुंपणाचा तपशील कायद्याच्या अंगातून काढून सरकारने ठरवावयाच्या मानकांत ढकललेला आहे. संसदेने केलेले कलम बदलण्यासाठी संसदेत चर्चा व्हावी लागते. मानक बदलण्यासाठी अधिसूचना पुरते. नव्या कारखान्यांना सूट देण्याचा अधिकारही सरकारने हाती ठेवलेला आहे.

तपासणीचे तेच. १९४९ साली भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार मान्य केला. पूर्वसूचना न देता, दिवसा वा रात्री कोणत्याही वेळी कारखान्यात शिरण्याचा निरीक्षकाचा अधिकार हा त्या कराराचा कणा आहे. संहितेत निरीक्षक हा ‘निरीक्षक-नि-सुलभक’ झाला आहे, आणि कोणाची तपासणी करावयाची हे संगणकाच्या सोडतीने ठरविण्याची वाट मोकळी झाली आहे. ‘इन्स्पेक्टर राज’ संपविले अशी शेखी मिरविली जाते. भ्रष्ट निरीक्षक होते आणि आहेत, हे कामगारांइतके कोणाला ठाऊक असणार? पण भ्रष्ट निरीक्षकावर इलाज म्हणून निरीक्षणच दुबळे करणे म्हणजे गार्ड अडचणीचा वाटतो म्हणून तो काढून ठेवण्यासारखेच आहे. जुन्या कायद्यातही एक मोठे न्यून होते, तेही सांगितले पाहिजे : निरीक्षकाच्या तक्रारीवाचून किंवा त्याच्या लेखी संमतीवाचून न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकत नसे, आणि तक्रारही गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून ३ महिन्यांत करावी लागे. बोट गमावलेला माणूस स्वतः फिर्यादी होऊ शकत नव्हता.

चळवळीपुढील काम

या बाबतीत कामगार चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांसाठी झालेल्या लढ्यांच्या मानाने सुरक्षेसाठी किती लढे झाले? जेथे धोका दिसला तेथे तो दूर करण्याऐवजी ‘धोका भत्ता’ मागण्यात आला, आणि तो मिळाला की विजयसभा झाल्या. धोका भत्ता म्हणजे बोटाचा आगाऊ हप्ता होय. तो घेतल्यावर गार्ड मागण्याचा नैतिक अधिकार क्षीण होतो, हे मालकांनी ओळखले. चळवळीने उशिरा ओळखले.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही कामे तातडीने हाती घ्यावीत. आपापल्या विभागातील प्रत्येक यंत्राची यादी करावी : यंत्र कोणते, किती जुने, क्लच कोणता, गार्ड आहे की नाही, शेवटची दुरुस्ती कधी. गार्ड नसेल वा काढावयास लावला असेल, तर तारीख घालून लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पाठवावी. लिफ्ट, क्रेन आणि दाबाखालील टाक्या यांच्या तपासणीचे दाखले पाहावयास मागावेत. कंत्राटी कामगाराचे विमा कार्ड पहिल्या दिवशी झाले की नाही हे विचारावे. तो आपल्या युनियनचा सभासद नाही ही सबब सांगू नये. आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर जखमीला दवाखान्यात पोचविताच दुसऱ्या कार्यकर्त्याने यंत्रापाशी थांबावे, छायाचित्र घ्यावे, साक्षीदारांची नावे लिहावीत आणि यंत्र आहे त्या स्थितीत राहील हे पाहावे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कोऱ्या कागदावर सहज उमटतो. नोंद असलेल्या कागदावर त्याला जागा मिळत नाही.

या सर्वांहून महत्त्वाची एक मागणी प्रत्येक करारात आली पाहिजे. दर आणि कोटा ठरविताना यंत्राची गती गार्ड बसविलेल्या स्थितीतच मोजली जावी, आणि मोजणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. ही अट मान्य झाली तर गार्ड काढण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. सुटे भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीनेही पुरवठादाराला भाव देताना हीच गती धरली पाहिजे, असा आग्रह तिच्या कायम कामगारांच्या युनियनने धरावा. पक्क्या नोकरीतल्या कामगाराने शेडमधल्या कंत्राटी कामगारासाठी हा शब्द टाकला, तर तो वर्गीय ऐक्याचा खरा पाठ ठरेल.

१८८४ साली मुंबईच्या ज्या हजारो गिरणी कामगारांनी त्या निवेदनावर सह्या-अंगठे केले, त्यांच्याजवळ ना मतदानाचा हक्क होता, ना युनियनचा कायदा. तरीही पंगू झालेल्या सोबत्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांनी सरकारपुढे ठेवला. आज हक्क आहे, कायदा आहे, संघटना आहे. उद्या सकाळच्या पाळीला कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या यंत्राकडे एकदा नीट पाहावे, आणि गार्ड जागेवर नसेल तर तो कोणी काढावयास सांगितला हे कागदावर लिहून ठेवावे. कामाला सुरुवात तेथून होईल.